वेरूळचा सप्ताह

स्थळे पाहावयास निघालेल्या माणसाचे बहुधा डोळेच तेवढे प्रवासास जातात. कान घरीच राहतात. आम्ही यापूर्वी दोन वेळा वेरूळास गेलो होतो. दोन्ही वेळा कैलास लेण्यापुढे मान दुखेपर्यंत वर पाहिले, छायाचित्रे घेतली आणि दिवस मावळण्यापूर्वी परतलो. शके १९४४ च्या माघ महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये, मात्र तेथे आठवडाभर राहण्याचा योग आला आणि तो आठवडा आम्ही मुख्यत्वेकरून ऐकण्यात घालविला. त्याची हकीकत वाचकांस निवेदन करावी, अशी इच्छा आहे.

निमित्त झाल्या आमच्या मातोश्री. नव्वदच्या दशकात वेरूळचा महोत्सव कैलास लेण्याच्या सान्निध्यात भरत असे. त्या काळी वडिलांसह त्या एका रात्री तेथे गेल्या होत्या. दिव्यांच्या उजेडात न्हालेला तो पाषाण आणि त्यापुढे रंगलेले गाणे, याचे वर्णन आमच्या घरातील प्रत्येक मुलाने त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. पुढे लेण्यांच्या जपणुकीच्या विचाराने महोत्सव तेथून हलला व छत्रपती संभाजीनगर येथील सोनेरी महालाच्या प्रांगणात भरू लागला. २०१६ नंतर त्यात खंड पडला. तो २०२३ च्या फेब्रुवारीत २५ ते २७ या तारखांस पुन्हा भरणार, असे वर्तमानपत्रात वाचताच मातोश्री म्हणाल्या, "मला एकदा वेरूळास ने."

आम्ही म्हणालो, "आई, गाणे आता वेरूळास नसते; शहरात असते."

"असेना. आधी वेरूळ, मग तुमचा महाल."

महाशिवरात्र १८ तारखेस होती. तेव्हा आम्ही उभयता, मातोश्री आणि धाकट्या बंधूंची चौदा वर्षांची कन्या, असे चौघेजण १७ तारखेस सायंकाळी वेरूळास जाऊन पोहोचलो.

महाशिवरात्रीचे वेरूळ म्हणजे माणसांचा पूर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या घृष्णेश्वराचे मंदिर तांबड्या दगडाचे आहे. वेरूळच्या भोसल्यांपैकी मालोजीराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात होळकर घराण्याने त्यास आजचे रूप दिले. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगातील वस्त्र उतरवून ठेवावे लागते, त्यामुळे वकील, व्यापारी आणि शेतकरी तेथे एकाच वेषात उभे असतात. दुपारी पालखी शिवालय तीर्थाच्या पायऱ्यांकडे निघाली. त्या वेळी ढोल, ताशे, संबळ आणि टाळ यांचा एवढा गजर झाला, की आम्ही पुतणीच्या कानावर हात ठेवले. तिने ते बाजूस सारले.

त्या रात्री आम्ही वेरूळपासून दोन कोसांवरील एका खेड्यात गेलो. आमच्या बिऱ्हाडाच्या यजमानांचे ते गाव. तेथे अखंड हरिनाम सप्ताह चालू होता व दुसऱ्या दिवशी त्याची समाप्ती व्हावयाची होती. शहरवासी वाचकांस सप्ताहाची रचना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सात दिवस पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी भजन व प्रवचन, दिवेलागणीस हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर पहाटेपर्यंत जागर, असा हा क्रम असतो. या सर्वांच्या मध्यभागी वीणा. ती सात दिवस खाली ठेवावयाची नाही, असा दंडक आहे. गावातील माणसे पाळीपाळीने ती गळ्यात घालून उभी राहतात. रात्री दोन वाजता ज्याची पाळी, तो शेताला पाणी देऊन आलेला का असेना, वीणा घेतल्यावाचून त्याची सुटका नाही. कीर्तनकार बाहेरून बोलावितात. परंतु टाळकरी, मृदंग वाजविणारे आणि स्वयंपाक करणारे गावचेच. वर्गणी घरोघरची, भाकऱ्याही घरोघरच्या.

कीर्तन संपले तेव्हा आमच्या मनात काय चालले होते, ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ध्वनिक्षेपकाचा कर्णा फार मोठा आहे, चाली ओबडधोबड आहेत, टाळांत शब्द बुडतात, अशा तक्रारी आम्ही मनाशी जुळवीत बसलो होतो. मृदंग वाजविणारा जेमतेम सोळा वर्षांचा मुलगा होता. डाव्या पुडीला कणीक लावून तो पाच तास बसला होता. त्याच्या हाताचे मात्र आम्हास नवल वाटले.

जागर सुरू झाला. बायकांच्या घोळक्यातून एकेक जण उठून अभंग, गवळण किंवा भारूड म्हणू लागली. वीणा घेतलेल्या वृद्ध गृहस्थाने मातोश्रींकडे पाहून म्हटले, "माय, तुम्ही एखादं म्हणा की."

आम्ही चटकन पुढे होऊन म्हणालो, "त्यांना आता झेपायचे नाही. छहात्तर वर्षांच्या आहेत." कारण प्रकृतीचे दिले, खरे कारण संकोचाचे होते. आमच्या आईने चार परक्या लोकांत उठून भारूड म्हणावे, हे आम्हास कसेसेच वाटले. मातोश्री आमच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि मग उठल्या. नाथांचे एक भारूड त्यांनी धरले. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. आम्ही मान खाली घातली. परंतु तेवढ्यात टाळकऱ्यांनी ती ओळ उचलली, मृदंगाने ठेका दिला आणि तिसऱ्या ओळीला मातोश्रींचा आवाज पुन्हा जागेवर आला. भारूड संपले तेव्हा बायकांनी त्यांना फुगडीस ओढले. तेथे मात्र त्या हात जोडून सुटल्या. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर दहीहंडी फुटली आणि गावाबरोबर आमचीही पंगत उठली.

सोमवारी आम्ही लेणी पाहावयास निघालो. येथे बौद्धांची १२, हिंदूंची १७ आणि जैनांची ५, मिळून ३४ लेणी आहेत व १९८३ पासून त्यांची गणना जागतिक वारशात होते. दहाव्या लेण्यास लोक सुताराचे झोपडे म्हणतात. त्याच्या कमानदार छताला दगडाच्या फासळ्या कोरल्या आहेत. पूर्वीच्या काही चैत्यगृहांत अशा फासळ्या खरोखरीच्या लाकडाच्या असत. पुढे छप्पर पेलण्यास त्यांची गरज उरली नाही, तरी कोरणाऱ्यांनी ते रूप दगडात जतन केले. या छताखाली काढलेला स्वर लगेच विरत नाही. तो घुमून पुन्हा आपल्यापाशी येतो. पुतणी म्हणाली, "आजी, येथे एक सूर लाव ना." मातोश्रींनी अगदी हलक्या आवाजात षड्ज लावला. तो विरेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही.

बाहेर ओट्यावर बसल्यावर पुतणीने साहजिकच विचारले, की तुला गाता येते तर घरी का गात नाहीस? मातोश्रींनी सांगितले ते आम्ही पन्नाशी उलटल्यावर प्रथमच ऐकले. माहेरी त्या पाच वर्षे गाणे शिकल्या होत्या व लग्नात पेटी बरोबर आली होती. आमचे आजोबा गाण्याचे मोठे शौकीन. ध्वनिमुद्रिकांचे कपाट आजही दिवाणखान्यात आहे. पण सुनेने चार माणसांत गाणे त्यांना रुचत नसे. ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पाहुण्यांपुढे कोणी गाण्याचा विषय काढला, की "तिला आता कामांतून कोठे वेळ!" एवढेच म्हणत. मातोश्रींनी हे हसत सांगितले. आम्हास हसू आले नाही. दोनच दिवसांपूर्वी आम्ही त्याच सुरात "त्यांना झेपायचे नाही" म्हणून गेलो होतो.

मंगळवारी लेणी बंद असतात. म्हणून आम्ही देवगिरीस गेलो. वाटेत खुलताबादला थांबलो. तेथे बुऱ्हाणुद्दीन गरीब या चौदाव्या शतकातील सूफी साधूची कबर आहे. भक्तिगान ऐकता ऐकता ते तल्लीन होऊन नाचत, आणि त्यांच्या अनुयायांची नाचण्याची रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाई. देवगिरीच्या पायथ्याशी आम्हास स्मरण झाले ते शार्ङ्गदेवाचे. तेराव्या शतकात यादवराजा सिंघण याच्या पदरी तो हिशेबखात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. त्याचा आजा काश्मीरहून दक्षिणेत आला होता. या गृहस्थाने जमाखर्च सांभाळून 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ रचिला. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य यांचे विवेचन करणारा हा ग्रंथ उत्तरेकडील व दक्षिणेकडील दोन्ही परंपरांस प्रमाण वाटतो. गीत, वाद्य आणि नृत्य ही तिन्ही मिळून संगीत होते, अशी त्याने व्याख्या केली आहे. आमचाही जन्म हिशेबाच्या वह्यांत चालला आहे. परंतु आमच्या खाती संगीताचे केवळ श्रवण तेवढे जमा आहे. त्याच किल्ल्यावर पुढे तीन शतकांनी नाथमहाराज जनार्दनस्वामींपाशी राहिले. वासुदेव, जोशी, गोंधळी, वाघ्यामुरळी यांच्या तोंडची गाणी या पैठणच्या ब्राह्मणाने आपली मानली आणि त्यांतून परमार्थ सांगितला. त्यांना संकोच वाटला नाही.

बुधवारी पुन्हा लेण्यांत गेलो ते कान घेऊन. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली खोदीत आणलेला कैलास पाहिला. एकविसाव्या लेण्यात शिव नाचत आहेत आणि भोवती वादक साथ करीत आहेत. शार्ङ्गदेवाच्या व्याख्येतील गीत त्या दगडात ऐकू येत नाही. पण वाद्य आणि नृत्य डोळ्यांपुढे होते, आणि खेड्यातील जागरात अभंग, मृदंग व टाळकऱ्यांची पावली ही तिन्ही एकत्र आम्ही अनुभविली होती. चाली ओबडधोबड असतील; संगीत पुरे होते.

शनिवारी, २५ तारखेस, शहरात आलो. बुंदेलखंडचे सरदार पहाडसिंग यांनी सतराव्या शतकात बांधलेला सोनेरी महाल विद्यापीठाच्या आवारात, डोंगराच्या पायथ्याशी उभा आहे. त्याच डोंगररांगेत औरंगाबादची लेणी आहेत. सकाळी सातवे लेणे चढून पाहिले. आत एक नर्तकी नृत्य करीत असून तिच्या दोन्ही बाजूंस सहा स्त्रिया वाद्ये वाजवीत बसल्या आहेत. सातही जणी बायका! मातोश्री त्या शिल्पापुढून लवकर हलेनात.

संध्याकाळी महोत्सव. उजळलेला महाल, हजारो श्रोते, गायन, वादन आणि नृत्य यांतील नामवंत कलावंत. आम्ही तृप्त झालो. अशी साधना खेड्यातील जागरात दिसणार नाही, हे कबूल केले पाहिजे. कला किती उंच जाऊ शकते, हे पाहावयाचे तर तिच्यासाठी असे व्यासपीठ हवेच. या शहरातील महागामी गुरुकुल शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरविते, तेही याच हेतूने. महोत्सव कैलासापासून दूर नेला, यातही आम्हास गैर वाटत नाही. बाराशे वर्षांच्या दगडाने आमच्या दिव्यांचा आणि गर्दीचा भार का सोसावा? मातोश्रींना विचारले, "झाले ना मनासारखे?"

"फार छान झाले," त्या म्हणाल्या. मग शाल सारखी करीत म्हणाल्या, "फक्त येथे कोणी मला 'म्हणा' म्हणाले नाही."

वेरूळ शहरापासून सुमारे तीस किलोमीटरांवर असून एस. टी. गाड्या नित्य जातात. महाशिवरात्रीस जाणारांनी गर्दीची तयारी ठेवावी आणि मंगळवार लेण्यांसाठी धरू नये. एवढ्या सूचनेनंतर एक विनंती. शेजारच्या खेड्यात सप्ताह असेल तर एक रात्र तेथे अवश्य बसावे, आणि आपल्याबरोबरच्या वडील माणसास कोणी गावयास सांगितले, तर त्यांच्या वतीने आपण उत्तर देऊ नये.

घरी आल्यावर माळ्यावरील पेटी खाली आणविली. भाता गळत होता. तो दुरुस्त करून घेतला. आता प्रत्येक एकादशीस दिवेलागणीनंतर मातोश्री आणि पुतणी दिवाणखान्यात, आजोबांच्या ध्वनिमुद्रिकांच्या कपाटापुढे बसून भजन म्हणतात. शेजारच्या दोन बिऱ्हाडांतील बायकाही येऊ लागल्या आहेत. आमच्या हाती त्यांनी टाळ दिले आहेत. आमचा ठेका चुकतो, अशी पुतणीची तक्रार आहे आणि ती खरी आहे.