दोन मिनिटांची क्लिप

2022 ला अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामाआधी खेळाडूंचा ड्राफ्ट होता. ढोकीहून चुलतभावाने सामन्यांचे व्हिडिओ पाठवले. “दादा, दोन मिनिटांची क्लिप करून दे.” उस्मानाबादच्या सारिका काळेला 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून घरात या खेळाला कुणी नावं ठेवत नव्हतं.

मी पुण्यातला सॉफ्टवेअरवाला. एक्सेल उघडून त्याने बाद केलेले गडी मोजले. भरले जेमतेम चार. तेच चार जोडले, त्याने क्लिप पुढे पाठवली.

गावी गेलो तेव्हा त्याच्या सरांनी ती बघितली. “हे काय? याचं काम तर दिसतच नाही.” मग मूळ व्हिडिओ लावून ते जागोजागी थांबवत गेले. पाटीत बसलेल्याला खो मिळाला, की पहिलं पाऊल पडेल तीच त्याची दिशा. मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे खो अर्धा क्षण उशिरा पडला, की पळणारा सुटला. माझा भाऊ तो अर्धा क्षण वाया घालवत नव्हता. पळणारा वळायच्या आत खो देऊन हा खाली बसलेला असे. गडी बाद होई दोन खो नंतर, दुसऱ्याच्या हातून. टाळ्याही त्यालाच. माझ्या एक्सेलमध्ये यासाठी रकानाच नव्हता.

रात्री जागून नवी क्लिप केली. प्रत्येक गडी बाद होण्याच्या तीन खो आधीपासून. तीही पाठवली.

निवड झालेल्यांत त्याचं नाव नव्हतं. तो चिडला नाही. एवढंच विचारलं, “दादा, त्यांनी कुठली बघितली असेल?”