स्वस्त पेंडीचा हिशेब

२०२१च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, तेव्हा मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात खूश झालेला बहुधा मी एकटाच. माझं चार हजार पक्ष्यांचं शेड, आणि भिंतीपलीकडं दादाच्या घरात सोयाबीनचे कट्टे. त्या पावसाळ्यात विदर्भातल्या बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेलं, पेंडही तशीच भडकलेली. कुक्कुटपालन उद्योगानं दिल्लीत गाऱ्हाणं घातलं, सरकारनं ऐकलं. मी पारावर सांगत सुटलो, कोंबडीवालेच बुडाले तर पेंड घेणार कोण? हमीभाव ३,९५०, पाच-सहा हजार मिळाले तरी शेतकऱ्याचं काय बिघडतं?

दादा एवढंच म्हणाला, ‘‘खतवाल्याले सांगशील का थे, का भाव पडला म्हून थोडं कमी घे?’’ वर विचारलं, जनुकबदल सोयाबीन आम्हाला पेरता येत नाही, मग त्याचीच पेंड बोटीनं कशी चालते? माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी चहा मागवला.

नवा माल निघेपर्यंत भाव पार उतरला. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद झाले, पेंडीवर साठामर्यादा आली. मी आपला बॅचच्या हिशेबाची वाट पाहत होतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, तूस आणि थंडीतल्या रात्री बल्बखाली पिल्लं राखणं माझं. चिठ्ठी आली. किलोमागचे पैसे जुनेच. सुपरवायझरला विचारलं, ‘‘पेंड स्वस्त झाली ना?’’ तो म्हणाला, ‘‘भाऊ, पेंड तुम्ही घेता का?’’

खरंच की. पेंडीचं एक पोतंसुद्धा मी कधी विकत घेतलं नव्हतं. स्वतःला धंदेवाला समजून मी सगळीकडं कंपनीची बाजू मांडत हिंडलो, तेही फुकट.

कोंबडीवाल्यांची अडचण खोटी होती असं आजही म्हणणार नाही. स्वतः खाद्य विकत घेणारे लहान अंडीवाले तेव्हा खरंच मेटाकुटीला आले होते. पण त्यांच्यासाठी धावलेलं सरकार २०२४मध्ये सोयाबीनवाल्यांसाठी दिसलं नाही. हमीभाव ४,८९२, बाजारात चार हजारांच्या आसपास. सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं, तरी भाव हलला नाही. आणि मे २०२५च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं.

२०२४च्या हिवाळ्यात दादासोबत खरेदी केंद्रावर गेलो. ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती, दादाचा माल बसत होता. बारदाना नव्हता. दिवसभर ट्रॉलीच्या सावलीत बसलो. दुपारी दादानं भाकरी सोडली, मिरचीचा ठेचा माझ्याकडं सरकवला, पेंडीचा विषय काढला नाही. मीच काढायला हवा होता. तोंडातून निघाला नाही, म्हणून इथं लिहितोय.