बस, बैठ आणि नको

आमच्या फाट्यावर दर पावसाळ्याच्या तोंडाला दोन-चार नवी कुत्री दिसतात. गळ्याभोवती पट्ट्याचा वळ अजून दिसत असतो. मोटारसायकल थांबली की शेपूट हलवत जवळ येतात, माणसाचं तोंड न्याहाळतात आणि ओळख पटली नाही की बाजूला जाऊन बसतात. कुणाची म्हणून चहाच्या टपरीवर विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "ऐकत नव्हतं, म्हणून सोडलं." दोन महिन्यांचं पिल्लू सगळ्यांना गोजिरं वाटतं. आठ महिन्यांचं झालं की तेच अंगावर उड्या मारतं, चपला फाडतं, शेजाऱ्याची कोंबडी धरतं. मग त्याच्या नशिबी एक तर जन्माची साखळी, नाहीतर फाटा. ऐकायला शिकवणं हा हौसेचा भाग नाही. कुत्र्याचा आसरा त्यावरच टिकतो.

आमच्या घरात त्याच्याही आधी एक प्रश्न होता. मुसलमानाच्या घरी कुत्रा कसा चालेल? सांगोला तालुक्यात आमची वस्ती आहे. डाळिंबाची बाग, नऊ शेळ्या, रात्री लांडग्याची भीती. राखणीसाठी, गुराढोरांसाठी, शिकारीसाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्ये परवानगी आहे, हे अम्मीलाही ठाऊक. तिची अडचण लाळेची. कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. इमामांमध्ये यावर मतभेद आहेत. मालिकी मताप्रमाणे कुत्रा नापाक नाही, शाफई मत सगळ्यांत कडक, आणि आम्ही हनफी लाळेपुरती काळजी घेणारे. पण सत्तरीतल्या बाईसमोर मतभेदांची यादी वाचून उपयोग नसतो. तिनं एकाच वाक्यात अट घातली: "उंबरे के अंदर नको आना उने." एक महिना बघायचं, नाहीतर पिल्लू ज्या धनगराकडून आणलं त्याला परत.

माझ्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. सूरह मायदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरानं धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे, आणि जनावराला शिकवण्याची ही विद्या अल्लाहनं माणसाला दिलेल्या ज्ञानातली आहे, असा तिथं उल्लेख आहे. शिकलेला कुत्रा ओळखायचा कसा, याच्या खुणा फिक्हच्या पुस्तकांत आहेत. सोडला की जातो, शिकार धरून स्वतः खात नाही. सलग तीनदा खाल्लं नाही की शिकला असं धरण्याची रीत हनफी पुस्तकांत सांगितलेली आहे. म्हणजे तेच जनावर, तेच दात. फरक पडतो तो शिकवण्यानं.

शेरू आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. तीन ते साधारण चौदा आठवडे हा पिल्लाचा जग ओळखण्याचा काळ. या दिवसांत जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. म्हणून लसी चालू असतानाच त्याला कडेवर घेऊन ट्रॅक्टर, शेळ्या, शाळेची पोरं, बुरखा घातलेल्या पाहुण्या बाया, अजानचा भोंगा, सगळं दाखवलं. गावातली भटकी कुत्री असतात त्या जागी मात्र खाली सोडलं नाही, कारण पार्व्हो तिथंच लागतो. तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची सुई.

पहिल्याच आठवड्यात धाकटीनं एक गोष्ट बरोबर हेरली. आमच्या घरात दोन भाषा. पोरं शाळेमुळं मराठीत बोलतात, अम्मी दखनीत. पोरं पिल्लाला 'बस' म्हणणार, म्हणजे खाली बस. अम्मी 'बस' म्हणणार, म्हणजे पुरे झालं. त्या बिचाऱ्यानं काय समजायचं? रात्री जेवताना बैठक बसली आणि शब्द ठरले: बैठ, ये, थांब, सोड, नको. 'नको'वर वादच झाला नाही. तो शब्द दखनीतही आमचाच आहे. शब्दांची यादी खडूनं गोठ्याच्या दारावर लिहिली आणि गड्यालाही पाठ करायला लावली. कुत्र्याला व्याकरण कळत नाही, आवाज कळतो. एका कामाला एकच आवाज, ही सुरुवातीची निम्मी लढाई.

बैठ शिकवायला दोन दिवस लागले. चिमटीत उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा नाकासमोर धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागं न्यायचा. मान वर गेली की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं की त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. कंबर दाबून बसवायचं नाही, त्यानं तो फक्त दाबाला विरोध करायला शिकतो. बक्षीस सेकंद-दोन सेकंदांत मिळालं पाहिजे. उशीर झाला आणि तेवढ्यात तो उठला, तर त्याच्या लेखी बक्षीस उठण्याचं. पाच मिनिटं शिकवायचं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि जेवणाआधी, भूक असताना. बेदाणे मात्र चुकूनही नाहीत. आमच्या भागात घरोघरी असतात, पण कुत्र्याची मूत्रपिंडं त्यानं निकामी होऊ शकतात.

'ये'चा नियम सगळ्यांत कडक. ये म्हणून बोलावलं आणि आल्यावर रागावलं, असं एकदाही करायचं नाही. चप्पल फाडली असेल तर आपण उठून त्याच्यापर्यंत जायचं. बोलावल्यावर आला की नेहमी काहीतरी चांगलंच घडलं पाहिजे. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर समोरून येत असताना हाच एक शब्द त्याचा जीव वाचवणार आहे.

गड्याचं म्हणणं, दोन फटके द्या, मालक कोण ते कळू द्या. हे गावोगावी ऐकायला मिळतं. कळपाचा म्होरक्या दांडगाईनं राज्य करतो, हा समज लांडग्यांच्या जुन्या अभ्यासातून पसरला. ज्यांच्या १९७०च्या पुस्तकानं तो घरोघर नेला, त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. मारलेलं कुत्रं ऐकतं ते हात दिसतो तोवर. भ्यालेलं कुत्रं मग एक दिवस पोराच्या हाताला चावतं.

उरला उंबरा. शेरूला दोरीनं उंबऱ्यापर्यंत आणायचं, पाय उचलण्याआधी 'थांब' म्हणायचं, थांबला की तुकडा. मग मी एक पाऊल आत. थांबला, तर परत त्याच्याजवळ जाऊन तुकडा. बक्षीस बाहेरच, आत कधीच नाही, म्हणजे आत जाण्यात त्याला काही फायदाच दिसत नाही. आधी वेळ वाढवली, मग अंतर, आणि शेवटी आत भाकरी भाजण्याचा वास, पोरांची पळापळ. तिन्ही एकदम वाढवलं की पिल्लू हरतं.

तिसऱ्या आठवड्यात मगरिबच्या वेळी अम्मी मुसल्ला अंथरून सोप्यात उभी राहिली आणि शेरू उंबऱ्याबाहेर पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडून राहिला. दोरी नव्हती, मी समोर नव्हतो. सलाम फेरल्यावर तिनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. महिना भरला त्या दिवशी अटीचा विषय कुणी काढला नाही.

आता फजरनंतर ती टोपल्यातली शिळी भाकरी मोडते. त्याला हात लावत नाही, पण उंबऱ्याच्या आत उभी राहून तुकडा बाहेर टाकते. दारावरच्या खडूच्या यादीला ती मुळीच जुमानत नाही. ती 'ठैर' म्हणते. शेरू थांबतो.