बाकावरची कुजबुज

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. शिक्षण थांबलं नाही, हे खरंच. पण काय हरवलं, तेही बघायला हवं.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकच आवाज नीट पोचतो. बाकीचे गोंगाट म्हणून दाबले जातात. ऑफिसच्या मीटिंगला ते सोयीचं. वर्गातलं बरंचसं शिकणं मात्र त्या गोंगाटातच होतं. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान का करायचे, हे बाईंना विचारायला लाज वाटली, तर शेजारचा कुजबुजत सांगतो. बाकांमधून फिरताना बाईंना चुकलेली पायरी वहीतच दिसते. स्क्रीनवर दिसतात ते नावांचे काळे चौकोन.

माझी भाची तेव्हा पहिलीत होती. अक्षरं तिला ओळखता यायची, पण पेन्सिल नीट धरायला ती शिकली शाळा उघडल्यावरच. बोट धरून गिरवून घेणं कॅमेऱ्याला जमत नाही.

आज इंदूरमध्ये आपल्या कितीतरी घरांत शिकवण्या ऑनलाइनच आहेत. त्या चालू द्या. पण आठवड्यातून एकदा दोन-तीन मुलांना वह्या घेऊन एकत्र बसवा, आणि त्यांची कुजबुज थांबवू नका.