रजनीचा आवाज

‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या शेवटी लीला बेणारे मनात साचलेलं सगळं बोलून टाकते. ती बोलत असते तेव्हा रंगमंचावरची बाकीची माणसं जागच्या जागी थिजलेली असतात. प्रेक्षक ऐकतात, पण ज्यांनी तिच्यावर खटला चालवला, त्यांच्यातल्या एकाच्याही कानावर त्यातला शब्द पडत नाही. हे नाटक १९६७ सालचं. त्या वर्षी विजय तेंडुलकरांची मुलगी प्रिया तेरा वर्षांची झाली. पुढे अठरा वर्षांनी तीच मुलगी दूरदर्शनवर एक साधी गृहिणी होऊन आली आणि तिनं तोंड उघडलं की अख्खा देश ऐकायला लागला. वडिलांनी लिहिलेली बेणारे आणि मुलीनं उभी केलेली रजनी, या दोघींना मला एकमेकींपासून वेगळं काढताच येत नाही.

बासू चटर्जींची ‘रजनी’ १९८५ साली सुरू झाली. रविवारची सकाळ, घरात चहाचा दुसरा कप, आणि पडद्यावर एक बाई. मोठे डोळे, साधी साडी, कुणाच्याही शेजारी राहत असावी असा चेहरा. तिच्या अडचणीही शेजारच्याच. गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही, टॅक्सीवाला नाही म्हणून निघून जातो, सरकारी टेबलामागचा माणूस मान वर करत नाही. ज्यांना तो काळ आठवतो त्यांना हेही आठवत असेल, की गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि एवढं करून कुणाकडे तक्रार करायची नाही, हे शहाणपण समजलं जायचं. रांगेतली माणसं आपापसात कुरकुरत आणि खिडकीपाशी पोचली की गप्प होत. रजनी नेमकी खिडकीपाशी पोचल्यावर बोलायची.

तिचं बोलणं मात्र नीट पाहायला हवं. प्रिया तिथे किंचाळत नाही. प्रश्न विचारते, समोरच्याच्या उत्तरासाठी थांबते, आणि ते थातुरमातुर निघालं तर तोच प्रश्न आणखी सावकाश, आणखी स्पष्ट विचारते. थांबते त्या क्षणी तिची नजर हलत नाही. संतापाचा अभिनय करणाऱ्या नट्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या. हक्कानं उत्तराची वाट पाहण्याचा अभिनय मला फार थोड्यांत दिसला. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागला तेव्हा मुंबईतले शेकडो टॅक्सीचालक चिडून दूरदर्शनवर चालून गेले. एका मालिकेतल्या काल्पनिक बाईनं खऱ्या माणसांना इतकं झोंबावं, यात लेखन-दिग्दर्शनाचा वाटा आहेच. पण तो चेहरा आणि तो आवाज नसता तर ती शाळेतल्या नागरिकशास्त्राची तासिका झाली असती.

आणि ही बाई आकाशातून पडलेली नव्हती. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागून लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका मुंबईनं १९७२ पासून पाहिल्या होत्या. ग्राहक पंचायतीची माणसं त्याच दशकात घराघरांतून वाजवी दराचं सामान आणि हक्कांची जाणीव एकदमच पोचवत होती. रजनी हिंदी बोलायची, पण तिच्या चालण्यात मला कायम गोरेगाव-दादरच्या त्या बायका दिसत आल्या आहेत.

तिथवर पोचायला प्रियाला वेळ लागला. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये, १९७४ साली, ती अनंत नागच्या लहान वयात लग्न झालेल्या बायकोच्या भूमिकेत होती. शबाना आझमीच्या लक्ष्मीपुढे ती भूमिका छोटी. तरी नवऱ्याच्या घरात पाऊल टाकताच सगळं ओळखणारी तिची नजर विसरली जात नाही. त्याखेरीज पंचतारांकित हॉटेलातली नोकरी झाली, बातम्या वाचून झाल्या, जाहिराती झाल्या. पुढे ‘थोरली जाऊ’, ‘माहेरची माणसं’, ‘मुंबईचा फौजदार’ असे मराठी चित्रपट. मराठी पडद्यानं तिला सोशिक सून, लाघवी नायिका केलं. तिनं ते नेटानं केलं, पण तिच्यातल्या धारेचा उपयोग त्या चित्रपटांनी करून घेतला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

रजनीनंतर लोक तिलाच रजनी समजू लागले. नटीच्या आयुष्यात हे वरदान असतं आणि पायातली बेडीही. दुसरी कुठलीही भूमिका घेतली तरी लोकांची अपेक्षा तीच. मग तिनं तिसरीच वाट काढली. स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम केला, हातात माईक घेतला आणि तो इतरांच्या तोंडासमोर धरला. तिथे भांडणं होत, माणसं एकमेकांवर धावून जात, आणि मधोमध ती उभी. काही वेळा तो गोंगाट मला नकोसा व्हायचा. पण कधीच कुणी न विचारलेल्या एखाद्या बाईकडे वळून ती ‘तुम्ही बोला’ अशा अर्थानं मान हलवायची, तेव्हा बसल्या जागी ताठ व्हायला व्हायचं.

‘हम पाँच’ ही विनोदी मालिका १९९५ साली आली. अशोक सराफ पाच मुलींचा बाप. आणि त्याची वारलेली पहिली बायको भिंतीवरच्या तसबिरीतून त्याच्याशी बोलते. ती तसबिरीतली बायको म्हणजे प्रिया. हलायला जागा नाही, हात वापरायचे नाहीत, चौकटीएवढाच अवकाश; त्यात डोळे, भुवया आणि आवाज यांवर तिनं सगळी गंमत पेलली. पण हसता हसता मला पुन्हा बेणारे आठवायची. तसबिरीतल्या बाईचं बोलणं घरात फक्त एकट्या नवऱ्याला ऐकू येतं.

१९ सप्टेंबर २००२ रोजी ती गेली. कर्करोगाशी झगडून झालं होतं. शेवटी हृदयानं साथ सोडली. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस एका महिन्यावर होता. आदल्या वर्षी तेंडुलकरांनी पत्नी आणि मुलगा गमावला होता. ज्या लेखकानं आयुष्यभर माणसातल्या क्रौर्याकडे डोळे न मिटता पाहिलं, त्याच्या वाट्याला हे यावं, याचा राग अजून जात नाही.

ती कथा लिहायची, हे मात्र वारंवार सांगावं लागतं. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘जावे तिच्या वंशा’ ही तिची पुस्तकं. तेंडुलकर आडनाव लावून मराठीत कथा लिहायला बसणं सोपं नव्हतं. रजनीचा चेहरा घेऊन बसणं त्याहून अवघड. पडद्यावर अर्ध्या तासात सिलिंडर दारात येत असे, साहेब ओशाळत असे. कागदावर तिला तसली सोय नव्हती, आणि तिनं ती शोधलीही नाही. तिथे ती एकटी, खिडकीपलीकडे कुणी कारकून बसलेला नाही, उत्तर देणारंही कुणी नाही, तरी विचारत राहते. प्रिया तेंडुलकरचा विषय निघाला की लोक रजनीचं नाव घेतात. मी आधी या कथा वाचायला देतो.