पैसे कधी लागणार?

ऑकलंड, ऑगस्ट

प्रिय सुमे,

तुझा मेसेज तीनदा वाचला. "बाजार पडतोय म्हणतात, एसआयपी बंद करू का? तुमचं तिकडे कसं?" फोनवर हे नीट बोलणं होणार नाही, म्हणून लिहायला बसले. बाहेर सकाळपासून पावसाची झड आहे, घरात कुणी नाही, निवांत वेळ मिळालाय.

आमची पुंजी म्हणजे किवीसेव्हर. जुलै २००७ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली योजना. पगारातून ठरावीक टक्के कापले जातात, मालक आपली भर घालतो. पीएफसारखीच वाटते ना? पण पीएफला व्याज जाहीर होतं. इथे फंड आपण निवडायचा आणि चढउतारही आपणच सोसायचे. पासष्टीपर्यंत पैसे अडकलेले; पहिलं घर घेताना किंवा फारच ओढगस्त आली तर काढता येतात.

मार्च २०२० मध्ये मी काय केलं ते तुला कधी बोलले नाही. लॉकडाउन लागायचा होता, नोकरीचं काय होणार कळत नव्हतं. रोज रात्री किवीसेव्हरचं ॲप उघडायचं आणि आकडा आणखी खाली गेलेला बघायचा. एका रात्री ग्रोथ फंडातले, म्हणजे बहुतेक शेअरमधले, सगळे पैसे ठेवींसारख्या कॅश फंडात हलवले. त्या रात्री झोप लागली. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी ते २३ मार्च या काळात ३४ टक्के उतरला होता. ऑगस्टमध्ये तो पुन्हा जुन्या उंचीवर होता. मी मात्र बाहेरच. माझे युनिट्स तोवर जेवढे होते तेवढेच होते गं, फक्त त्यांचा भाव पडला होता. पडत्या भावात मी ते विकले आणि तोटा पक्का केला. इथे हजारो लोकांनी तेच केलं. आणि दर पगाराला कापले जाणारे पैसे, ज्यांत स्वस्तात जास्त युनिट्स आले असते, तेही मी कॅश फंडातच जाऊ दिले. ते मला जास्त लागतं.

पण "थांबलं की सगळं भरून येतं" असंही मी म्हणणार नाही. शेजारचे आजोबा १९८७ अजून विसरलेले नाहीत. न्यूयॉर्कला सोमवारी बाजार कोसळला, तेव्हा इथे २० ऑक्टोबरचा मंगळवार उजाडला होता. एका दिवसात जवळजवळ १५ टक्के गेले. फेब्रुवारी १९८८ पर्यंत आधीच्या शिखरापासून ६० टक्के. लोकांनी कर्ज काढून शेअर घेतले होते, आणि कंपन्याही एकमेकींचे शेअर आणि जागा यांच्यावरच फुगलेल्या. अमेरिकेचा डाऊ निर्देशांक दोन वर्षांत सावरला. इथला बाजार कित्येक वर्षं खालीच राहिला. म्हणून माझे पैसे आता एकट्या न्यूझीलंडच्या बाजारात नाहीत, जगभर विखुरलेल्या फंडात आहेत.

शेअरला घाबरलेले लोक मग जास्त व्याज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांकडे वळले. २००६ नंतर त्याही एकामागून एक बुडाल्या; ब्रिजकॉर्प २००७ मध्ये, साउथ कँटरबरी फायनान्स ऑगस्ट २०१० मध्ये. कितीतरी निवृत्त माणसांची आयुष्यभराची कमाई त्यांत होती. साध्या बँकठेवींनाही इथे कायमचं संरक्षण मिळालं ते १ जुलै २०२५ पासून, एका संस्थेत माणशी एक लाख डॉलरपर्यंत. आपल्याकडे ठेवविमा १९६२ पासून आहे, हे सांगितलं तर इथल्या लोकांना खरं वाटत नाही.

हल्ली मी एकच प्रश्न विचारते: हे पैसे कधी लागणार? लेकाला घरासाठी दोन वर्षांत लागणारे मुदत ठेवीत टाकलेत. त्यांवर फार मिळणार नाही, चालेल. रोखे जास्त असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह फंडात मुद्दाम टाकले नाहीत. व्याजदर वाढले की त्यातल्या रोख्यांचे भाव उतरतात, आणि २०२२ मध्ये तेही फंड खाली आले होते. माझे पैसे मला अजून अकरा वर्षांनी हवेत, ते ग्रोथ फंडातच राहतील. शेवटची चार-पाच वर्षं राहिली की थोडे थोडे काढून घेईन. ॲप वर्षातून दोनदाच उघडते.

तेव्हा एसआयपी बंद करू नकोस. मनूच्या लग्नाचे पैसे मात्र या महिन्यातच फंडातून काढ. लग्न वर्षावर आलंय, बाजार सावरेपर्यंत ते थांबणार नाही. आणि भाऊजींच्या सगळ्या ठेवी एकाच पतसंस्थेत आहेत ना? बँकांच्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तो लागू नाही. रविवारी दोघं पावत्या घेऊन बसा आणि मला फोन कर.

तुझी,
मंगल