हात सैल, हात घट्ट

पुण्यात डिसेंबर लागला की सकाळी गाडीला किक मारताना प्रत्येकाला स्वेटर आठवतो. मॉलमधला नव्हे, घरी विणलेला स्वेटर तुम्ही शेवटचा कधी घातलात? आमच्या घरी सध्या असा एक अर्धा स्वेटर आहे. बाबांचा. मागचा भाग आईने विणलाय. मग संधिवाताने तिची बोटं आखडली आणि सुया माझ्या हातात आल्या.

त्यात काय एवढं? तीच लोकर, त्याच आठ नंबरच्या सुया, तेवढेच ११० टाके. पण गंमत बघा. आईच्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात, माझ्या विणीत २०. म्हणजे तिचा भाग ५० सेंटिमीटर रुंद, तर माझा ५५! शिवला असता तर बाबा मागून लार्ज आणि पुढून एक्स्ट्रॉ लार्ज.

"तुझा हात सैल आहे गं," आई म्हणाली. विणणाऱ्या बायकांच्या भाषेत ही टीका नसते, नुसती माहिती असते. इंग्रजी पुस्तकांत यालाच 'गेज' किंवा 'टेन्शन' म्हणतात. धागा बोटावर किती ओढून धरता, यावर टाक्याचा आकार ठरतो आणि तो सहीसारखा ज्याचा त्याचा असतो.

उपाय एकच, सुई बदलायची. त्यातही नंबरांची गडबड आहेच. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात. नंबर वाढला की सुई बारीक. आठ म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर बरोब्बर उलटे, तिथली आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची! त्यामुळे नेटवरचा पॅटर्न घेऊन तुळशीबागेत जाणार असाल, तर नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

मी छोटे चौकोन विणून पाहिले. धुतल्यावर वीण पसरू शकते, म्हणून ते धुऊन, वाळवून मगच मोजले. नऊ नंबरवर २१ टाके, दहावर २२. जमलं! ओळीही मोजल्या, कारण उंची त्यांच्यावर ठरते.

एवढं होईतो आईने आपला तोडगा काढला होता. "माझा भाग उसव आणि सगळा तूच वीण. एकसारखा दिसेल."

बोलणं प्रॅक्टिकल होतं. उसवायला दहा मिनिटंही लागली नसती. पण तिच्या हातचं एवढं मोठं विणकाम आता पुन्हा होईल असं वाटत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मी तो भाग घडी करून कपाटात ठेवला आणि दहा नंबरच्या सुया घेतल्या.

आता डेडलाइन संपली की रोज रात्री चार ओळी होतात. बारकाईने पाहिलं तर दोन हात वेगळे आहेत हे कळतं. माप मात्र जुळतंय. तुमच्याही घरी असं कुणाचं अर्धवट विणकाम पडलं असेल, तर उसवण्याआधी एकदा टेप लावून बघा. बहुतेक वेळा नुसती सुई बदलून भागतं.